कालव्यापलीकडची साक्ष

राज्यसंस्था प्रजेच्या रक्षणासाठी एखाद्या माणसाच्या हाती शस्त्र देते, तेव्हा त्या शस्त्रासोबत समाजाच्या मनातले भयही नकळत त्याच्या स्वाधीन करते. तो ज्याला भितो त्याच्यावर ते शस्त्र उगारले जाते. आणि त्याने कोणाला भ्यावे हे बहुधा त्याच्या आधीच इतरांनी ठरवून ठेवलेले असते. दुसरीकडे, ज्याला एखाद्या भूमीवर राहण्याचा लेखी अधिकार नाही, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सत्यही निराधार होऊन बसते. ते सांगण्यास तो पुढे आला तर सत्य मागे उरेल, परंतु त्याला स्वतःला जावे लागेल. अशा माणसाने मौन धरले तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपापल्या घरी निर्धास्त बसलेल्या आपल्यापैकी कोणालाही नाही. तरीही कधी कोणी बोलते. तोमासा नावाच्या एका विधवेने काय केले, ते जसे घडले तसे सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आमचे मार्स्टन हे गाव अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या कांद्याच्या पट्ट्यात आहे. गावाची पश्चिमेची हद्द म्हणजे शेतीच्या पाण्याचा कालवा. कालव्याच्या अलीकडे गावचे पोलीस, पलीकडे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख असलेल्या शेरीफची माणसे. गावच्या पोलिसांनी कोणालाही ‘तू या देशात कसा आलास’ असे विचारू नये, हा ठराव गावसभेने पूर्वीच केला होता. त्यामागे जितकी भूतदया होती तितकीच कांदा निवडणाऱ्या हातांची गरजही होती. शेरीफने मात्र केंद्र सरकारच्या स्थलांतर खात्याशी करार केलेला होता. त्याच्या हाताखालच्या डेप्युटींनी रस्त्यात ज्याला अडवले त्याचे नाव त्या खात्याकडे जात असे. म्हणून कालव्याच्या अलीकडच्या काठी चाकांवरच्या घरांची जी वस्ती आहे, तेथील माणसे पुलाकडे जरा दबूनच पाहत. कामासाठी पूल ओलांडावाच लागे. कामावाचून कोणी ओलांडत नसे.

तोमासा त्याच वस्तीच्या टोकाला राही. मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या डोंगरात तिचे मिश्तेक लोकांचे गाव होते. नवरा इथेच वारला, इथल्याच दफनभूमीत त्याला ठेवले. एकुलती एक मुलगी ओदिलिया दूर शिकागोला संसारात होती, आणि तिची मुले आजीला फोनच्या पडद्यावरच ओळखत. दिवसभर गोदामात पट्ट्यावरून सरकणाऱ्या कांद्यांतून नासके वेगळे करावेत, संध्याकाळी केसांतली सालपटे झाडून घरी यावे, एकटीपुरत्या मक्याच्या भाकऱ्या थापाव्यात, असा तिचा दिनक्रम होता. भाकरी नेहमी एक जास्त होई. एकटीसाठी पीठ किती भिजवावे हे तिच्या हाताला कधी उमजलेच नाही.

शेजारच्या घरात फिदेन्सिओ राहत असे. तोही त्याच डोंगरांतला, परंतु दुसऱ्या गावचा; तिच्याहून पुष्कळ लहान, अविवाहित, मितभाषी. दोघांमध्ये स्नेह म्हणावा असे काही नव्हते. जे काही संभाषण होई ते त्याच्या कोंबड्यावरून. कोंबडा पहाटे तिच्या खिडकीखाली येऊन आरवे, आणि ती दार उघडून फिदेन्सिओला हाक मारी.

“मावशी, तो तुम्हाला उठवत नाही हो. गोदामातल्या कांद्यांना उठवतो.”

“मग गोदामातच झोपव की त्याला.”

“तिथं आता नव्यांना कागद मागतात. याच्याकडेपण नाहीत, माझ्यासारखेच.”

ती हसत नसे, पण दार लावून घेताना तिचा राग उरलेला नसे. असे काही वर्षे चालले. एका रविवारी मात्र तो तिच्या पायरीशी बसून बराच वेळ बोलला होता. आपल्या गावी तरुणपणी त्याने एक वर्ष गावच्या पहाऱ्याची सेवा केली होती. त्या डोंगरांतल्या गावांत ही सेवा ज्याच्या त्याच्या पाळीने येते. तिला वेतन नसते, बंदूक नसते, हाती केवळ एक काठी असते. रात्री भांडणे सोडवावीत, दारू प्यालेल्याला घरी पोचवावे, पंचांचा निरोप न्यावा. ज्याने ती सेवा नीट केली त्याला गाव आयुष्यभर विसरत नाही. त्या वर्षाविषयी सांगताना फिदेन्सिओचा स्वर बदलला होता, हे तोमासाच्या लक्षात राहिले.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपार कलताना ती मागच्या दोरीवर कपडे वाळत घालीत होती. पुलापलीकडच्या रस्त्याने फिदेन्सिओची जुनी मालवाहू गाडी पश्चिमेकडे जाताना तिला दिसली. तिच्यामागे जिल्ह्याची गाडी, आणि तिच्यावरचे निळे दिवे. एक मागचा दिवा बंद होता म्हणून अडवले, असे नंतर कळले. मालवाहू गाडी कडेला थांबली. या देशात अशा वेळी माणसाने जागचे हलू नये, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहावे, अशी रीत आहे. वस्तीतल्या लोकांनाही ती ऐकून माहीत होती. परंतु त्या डोंगरांतल्या गावांत अधिकारी समोर आला असता जो वाहनावर बसून राहतो तो उर्मट समजला जातो. तिथे माणूस खाली उतरतो, टोपी काढतो, ती छातीशी धरतो आणि स्वतः चालत सामोरा जातो. फिदेन्सिओने स्वतः काठी हाती घेऊन असे शेकडो नमस्कार स्वीकारले होते. कान ऐकून शिकलेले विसरतात. अंगाला बालपणापासून लागलेले वळण भीतीच्या क्षणी आधी जागे होते.

तो खाली उतरला. डेप्युटीच्या जागेवरून पाहता मावळतीचे सूर्यबिंब थेट त्याच्या पाठीमागे होते; वस्तीच्या टोकावरून मात्र तो बाजूने दिसत होता. डेप्युटीने ओरडून काही सांगितले. फिदेन्सिओ थोडा लगबगीने पुढे झाला, वाट पाहायला लावू नये म्हणून माणूस होतो तसा. त्याचा हात डोक्याकडे गेला, टोपी निघाली, हात छातीकडे येऊ लागला. मग आवाज झाला. तोमासाच्या हातातली ओली चादर तशीच राहिली.

ती घरात गेली आणि दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी गावचे पोलीसप्रमुख लायल एकर्ट वस्तीत दारोदार फिरले. घटना त्यांच्या हद्दीबाहेरची होती, पण पाहणारे असलेच तर ते अलीकडचेच असणार, हे त्यांनी ओळखले होते. उंच, थकलेल्या चेहऱ्याचे, निवृत्तीला आलेले हे गृहस्थ तोमासाच्या पायरीखालीच थांबले. तिने सांगितले की आपण कपडे वाळत घालीत होतो, आपल्याला काही दिसले नाही. एकर्टांनी दोरीकडे पाहिले. तेथून पूल स्वच्छ दिसत होता. त्यांनी आभार मानले आणि ते गेले.

शेरीफच्या कार्यालयाने जाहीर केले की सदर इसम गाडीतून उतरून डेप्युटीवर चालून आला, त्याने हातात काहीतरी उगारले, आणि डेप्युटी डेरेल हॉस्किन्स यांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र गावात सर्वांनी पाहिले. समोरून येणाऱ्या उन्हात एक काळी आकृती भराभर जवळ येते, हात वर जातो, त्यात काहीतरी काळे दिसते. चित्र खोटे नव्हते. परंतु माणूस चालून येतो आहे की सामोरा येतो आहे हे त्यातून कळत नव्हते. टोपी नंतर रस्त्याकडेच्या खड्ड्यात सापडली. ती वाऱ्याने पडली असेल, असे म्हटले गेले. गोदामात बायका खालच्या आवाजात बोलत. प्यालेला असणार, असे एकीने सुचवले, आणि इतरांना तेवढाही आधार पुरला. तोमासा पट्ट्यावर मान खाली घालून कांदे वेचीत राहिली. कोंबडा कोणीतरी नेला. पहाटे आता वस्ती शांत असे, आणि त्या शांततेनेच तिला जाग येई.

नोव्हेंबराच्या आरंभी मेक्सिकोच्या रीतीचे पितरांचे दिवस आले. तिने दरवर्षीप्रमाणे टेबलावर झेंडूची फुले मांडली, नवऱ्याच्या तसबिरीपुढे पाव, मीठ, पाणी आणि त्याच्या आवडीची कॉफी ठेवली. मग तिने आणखी एक पेला काढला. फिदेन्सिओसाठी इकडे कोणी मांडणार नव्हते. पेला हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली, कारण त्याला काय आवडत असे हे तिला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे एका भिंतीच्या अंतरावर राहून तिला फक्त त्याचा कोंबडा ठाऊक होता. अखेरीस तिने पेल्यात साधे पाणी ओतले.

त्याच आठवड्यात तिला डोंगरातून फोन आला. फिदेन्सिओची आई बोलत होती; वस्तीतल्या कोणाकडून तरी तिने क्रमांक मिळवला होता. म्हातारीचा आवाज क्षीण, परंतु सावकाश आणि स्पष्ट होता. शवपेटी गावी पोचली होती. गावच्या सेवेत राहिलेल्या माणसाच्या अंत्ययात्रेला पंच आपल्या मानाच्या काठ्या घेऊन येतात, पण याच्या वेळी ते आले नाहीत. परदेशात अधिकाऱ्याच्या अंगावर धावून गेला आणि मेला, अशी बातमी आली होती. अशा माणसापुढे मानाची काठी नेता येत नाही. पंचांचा राग नव्हता, म्हातारीचाही पंचांवर नव्हता. तिला एकच विचारायचे होते.

“बाई, तुमचं घर तिथंच जवळ आहे म्हणतात. त्यानं टोपी काढली होती का?”



“काढली होती,” तोमासा म्हणाली. “छातीशी धरत होता.”

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

“मग तसं सांगा तिथल्या अधिकाऱ्यांना,” म्हातारी म्हणाली, जणू ते सांगण्याइतके सोपे दुसरे काही नसावे.

मृत्यूच्या कारणाची जाहीर चौकशी डिसेंबरात जिल्ह्याच्या ठिकाणी, न्यायालयाच्या इमारतीत व्हायची होती. सामान्य नागरिकांमधून निवडलेले सहा पंच साक्षी ऐकून निष्कर्ष सांगणार होते. त्याच इमारतीत खाली शेरीफचे कार्यालय होते. तोमासा कामाच्या कपड्यांतच एकर्टांच्या कचेरीत गेली आणि आपण त्या दिवशी जे सांगितले ते खरे नव्हते, असे म्हणाली. एकर्टांनी तिला बसायला सांगितले, दार लावले, आणि सर्व ऐकून घेतले. 

“बाई, मी तुम्हाला फसवणार नाही,” ते स्पॅनिशमध्ये म्हणाले. “कालव्याच्या अलीकडे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, तेवढं मी पाहतो. पलीकडे माझा शब्द चालत नाही. तिथं तुम्ही साक्षीला गेलात की नाव पुकारलं जाणार, आणि ते नाव कुठं जातं ते तुम्हाला माहीत आहे.”

“लिहून दिलं तर?”

“लिहिलेलं वाचून दाखवतील. पण त्या डेप्युटीचा वकील म्हणेल, हिला प्रश्न विचारता येत नाहीत, मग हिचं कशाला ऐकायचं? तेही चूक म्हणता येणार नाही.”

तिने मान हलवली. चूक नव्हतेच.

ओदिलियाने फोनवर प्रथम समजूत घातली, मग ती रडली, मग चिडली. मुलांची शाळा, येत्या उन्हाळ्यात आजीला आणायचे ठरवलेले, तिच्यासाठी रिकामी केलेली खोली, हे सारे तिने पुन्हा पुन्हा सांगितले.

“तो तुझा कोण लागत होता, आई? त्याच्या कोंबड्यावरून भांडायचीस तू.”

“भांडायचे.”

“मग मेलेल्या माणसासाठी आम्हाला सोडतेस?”

“तुझ्याबद्दल कुणी खोटं बोललं तर तू चार शब्द सुनावशील. त्याला ते जमत नाही आता, म्हणून मी जाते. तुला सोडत नाहीये, बाळा.”

 कोणीच फोन ठेवला नाही. मायलेकी बराच वेळ एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या.

तिला न्यायालयात नेण्यास वस्तीतले कोणी तयार झाले नाही, आणि तिने कोणाला दुसऱ्यांदा विचारले नाही. सकाळी साध्या कपड्यांत एकर्ट स्वतःची गाडी घेऊन आले. आज आपण रजेवर आहोत, एवढेच ते म्हणाले. तिने नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी घेतलेली काळी शाल डोक्यावरून घेतली होती. 

चौकशीच्या दालनात ती शेवटच्या बाकावर बसली. पुढे उंच आसनावर चौकशी चालवणाऱ्या बाई होत्या, बाजूला सहा पंच, आणि एका टेबलाशी वकिलांसोबत हॉस्किन्स. तिने त्याला प्रथमच जवळून पाहिले. फिदेन्सिओच्याच वयाचा, गोरा, नखे खाल्लेला. त्याने सांगितले की ऊन डोळ्यांवर होते, आपण थांबायला सांगितले तरी तो थांबला नाही, हात वर गेला, आणि आपण घाबरलो. शेवटचा शब्द वकिलाने सांगितलेला नसावा, कारण तो उच्चारताना वकिलाने त्याच्याकडे पाहिले.

मग तोमासाचे नाव पुकारले गेले. साक्षीदाराने कोठे जाऊन बसायचे ते तिला आधी दाखवलेले होते. परंतु नाव कानी पडताच ती उठली, आणि साक्षीदाराच्या खुर्चीकडे न वळता थेट मधल्या वाटेने त्या उंच आसनाकडे चालू लागली. चालताना तिचा हात डोक्यावरच्या शालीकडे गेला. शाल खाली उतरली आणि घडी होऊन छातीशी येऊ लागली.

“तिथंच थांबा,” दाराशी उभा असलेला न्यायालयाचा शिपाई ओरडला. त्याचा हात कमरेच्या बंदुकीवर होता.

तोमासा थांबली.  तिने प्रथम त्या हाताकडे पाहिले, मग स्वतःच्या छातीशी धरलेल्या शालीकडे. आणि आपण काय केले ते तिला त्या वेळी कळले. तिने हे ठरवून केले नव्हते. शिपायाने हात काढून घेतला. त्याचा चेहरा लाल झाला होता. हॉस्किन्स टेबलावर वाकून बसला होता आणि त्याने डोळे मिटून घेतले होते.

खुर्चीत बसल्यावर तिची साक्ष थोडक्यात झाली. दुभाष्या तिचे स्पॅनिश बोलणे इंग्रजीत सांगत होता.

“आमच्याकडं मोठ्या माणसापुढं असंच जातात,” ती म्हणाली. “त्यानं तेच केलं. बसून राहायचं असतं हे त्याला ऐकून माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी मी आत्ता विसरले.”

हॉस्किन्सच्या वकिलाने तिला विचारले की ती या देशात कोणत्या परवान्याने राहते. चौकशी चालवणाऱ्या बाईंनी तो प्रश्न गैरलागू ठरवला आणि उत्तर देण्याची गरज नाही असे सांगितले. परंतु प्रश्न सर्वांनी ऐकला होता, आणि तिचे मौनही.

पंचांनी संध्याकाळपूर्वी निष्कर्ष दिला. मृताजवळ शस्त्र नव्हते. तो आक्रमण करीत नव्हता. तो आदराने सामोरा जात असता मारला गेला. खटला भरायचा की नाही, हा निर्णय सरकारी वकिलांकडे गेला, आणि हे लिहीत असेपर्यंत तेथेच आहे.

बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात हॉस्किन्स वकिलाचा हात सोडवून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दुभाष्या जवळच होता.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिले.  

“त्यालाही नव्हतं,” ती म्हणाली, आणि शाल डोक्यावर घेऊन जिन्याकडे वळली.

जिन्याच्या तळाशी दोन माणसे तिची वाट पाहत होती. ती शेरीफची नव्हती, स्थलांतर खात्याची होती. करारानुसार ज्यांना कळवायचे त्यांना कळवले गेले होते. एकर्ट तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्या दोघांना पुष्कळ काही सांगितले. ती माणसे उद्धट नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि आपल्याला येथे अधिकार आहे, तुम्हाला नाही, असे तितक्याच शांतपणे सांगितले. एकर्ट बाजूला झाले नाहीत. तेव्हा तोमासानेच त्यांच्या बाहीला हात लावला आणि ती त्यांच्या शेजारून पुढे गेली. या वेळी तिने हात समोर, उघडे आणि स्थिर ठेवले होते.

ती आता दूरच्या शहरातील बंदीगृहात आहे. तिचे प्रकरण चालू आहे. एकर्टांनी शोधून दिलेली एक तरुण वकील ते लढवीत आहे, आणि फार आशा देत नाही. वस्तीतले तिचे घर बंद आहे. गोदामात तिच्या जागेवर दुसरी बाई उभी राहते. तोमासाचे नाव निघाले की तिथल्या बायका माना खाली घालून कांदे वेचू लागतात, आणि पट्टा पुढे सरकत राहतो.

जानेवारीत ओदिलिया शिकागोहून भेटीला आली. काचेच्या पलीकडे आई अधिकच लहान दिसत होती. मुलीने रागाचे एकही वाक्य उच्चारले नाही. फिदेन्सिओच्या आईचा फोन आला होता, असे तिने सांगितले. निष्कर्षाची बातमी डोंगरात पोचली. गावचे पंच काठ्या घेऊन त्याच्या थडग्यापाशी गेले, तेथे उभे राहिले, आणि त्याचे नाव त्याच्या सेवेच्या वर्षासह मोठ्याने घेतले गेले. तोमासाने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग ती नातवंडांविषयी विचारू लागली, धाकट्याचे दात पडले का, थोरली अजून अंधाराला भिते का, आणि वेळ संपेपर्यंत तेवढेच विचारत राहिली.

फिदेन्सिओला त्याच्या डोंगरात विश्रांती लाभो. त्याच्या वृद्ध मातेचे उरलेले दिवस सोपे जावोत. ज्या तरुणाने भयापोटी हात उचलला, त्याला आपल्या कृत्याकडे पाहण्याचे धैर्य मिळो, आणि त्यातून सावरण्याचेही. रजेच्या दिवशी गाडी घेऊन आलेल्या त्या अधिकाऱ्याची निद्रा सुखाची असो. आणि तोमासाला, जेथे कोठे तिला नेले जाईल तेथे, कोणीतरी आपुलकीने हाक मारणारे मिळो. सर्वांना अभय असो.